पणजोबा खरंच रोमला गेले होते का? १९२५च्या पदकावरून काय कळतं

पुण्याहून एकांनी विचारलंय, थोडक्यात असं: आजीच्या ट्रंकेत पत्र्याच्या डबीत एक छोटं पदक निघालं. एका बाजूला पोपचा चेहरा, दुसऱ्या बाजूला दार आणि रोमन आकड्यांत १९२५. सोबत संतांची काही छापील चित्रं. पणजोबा मूळ गोव्यातल्या बार्देशचे. मुंबईत धोबीतलावच्या कुडात (एकाच गावच्या गोवेकरांच्या सामाईक बिऱ्हाडात) राहायचे आणि गोऱ्यांच्या बोटीवर बटलर होते. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, की ते ज्युबिलीला, म्हणजे कॅथलिकांच्या पवित्र वर्षाला, रोमला गेले आणि पोपना भेटले. हे खरं असेल का, आणि पुरावा कुठे शोधायचा?

मुंबई, वसई आणि गोव्यातल्या चर्चच्या जुन्या वह्या आणि घरगुती कागदपत्रं लावून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो. त्या अनुभवावरून सांगतो, की तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न मिसळले आहेत. पदक घरात कसं आलं हा एक, आणि पणजोबा कुठे गेले हा दुसरा. पंढरपूरचा बुक्का घरात आहे म्हणून घरातलं कोणी वारीला गेलंच होतं असं आपण म्हणत नाही. इथेही तेच. पदक खरं असू शकतं, प्रवासही खरा असू शकतो, आणि तरीही दोघांचा एकमेकांशी संबंध नसू शकतो.

आधी वर्षाचं बघू. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात रोममध्ये पवित्र द्वार (पवित्र वर्षातच उघडतात ते बसिलिकेचं, म्हणजे मोठ्या चर्चचं, खास दार) दोनदा उघडलं. पहिलं नेहमीचं, दर पंचवीस वर्षांनी येणारं पवित्र वर्ष: २४ डिसेंबर १९२४ ते २४ डिसेंबर १९२५. दुसरं खास जाहीर केलेलं, ख्रिस्ताच्या मरण-पुनरुत्थानाला १९०० वर्षं झाली म्हणून: २ एप्रिल १९३३ ते २ एप्रिल १९३४. दोन्ही वेळी पोप अकरावे पायस होते. मधे १९२९ साली त्यांच्या पुरोहितपदाची पन्नास वर्षं झाली म्हणून आणखी एक ज्युबिली झाली, पण तेव्हा दार उघडलं नव्हतं. या तिन्ही वेळची पदकं एकाच पोपच्या चेहऱ्याची, त्यामुळे घरोघरी घोळ होतो. तुमच्यावर वर्ष स्पष्ट आहे, हे चांगलं झालं.

आता लोक सहसा विसरतात ती गोष्ट. रोममधलं पवित्र वर्ष संपलं, की दुसऱ्याच दिवशी, २५ डिसेंबर १९२५ला, पोपनी ही ज्युबिली जगभर वाढवली. १९२६चं अख्खं वर्ष माणूस आपापल्या बिशपने ठरवून दिलेल्या चर्चमध्ये जाऊन तोच लाभ घेऊ शकत होता. म्हणजे पापनिवेदन, कम्युनियन, ठरलेल्या भेटी आणि प्रार्थना करून पापांच्या शिक्षेतून पूर्ण माफी. १९३४मध्येही तसंच झालं, आणि ती मुदत एप्रिल १९३५च्या शेवटापर्यंत चालली. शिवाय मठात बंद राहणाऱ्या नन्स, आजारी, कैदी यांच्यासाठी १९२५मध्येच घरबसल्या सोय केलेली होती. तेव्हा हजारो कॅथलिक घरांनी ही ज्युबिली रोमचं तोंडही न बघता साजरी केली आहे. रोमला जाऊन आलेले फादर, नन्स, एखादा श्रीमंत यजमान मूठभर पदकं आणून वाटायचे. पदक बाजारात मिळणारी साधी वस्तू होती. कुणाचं नाव त्यावर कोरलेलं नसेल, तर ती कुणाच्या प्रवासाची साक्ष देऊ शकत नाही.

मग पणजोबा गेलेच नाहीत का? तसंही मी म्हणणार नाही. उलट गोव्याच्या साध्या माणसाला रोम गाठायचा सगळ्यांत स्वस्त रस्ता बोटीवरची नोकरी हाच होता. खिशातले पैसे घालून मुंबईहून इटलीला जाणं त्या काळी फार थोड्यांना परवडायचं. बोटीच्या बटलरला मात्र कंपनीच युरोपात नेऊन सोडायची.

इथे सगळं अवलंबून आहे ते कंपनीवर. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या बोटी मुंबईहून एडन, पोर्ट सैद करत मार्सेय आणि पुढे इंग्लंडला जायच्या. त्या कंपनीच्या जेवणघरात आणि केबिनींत गोव्याची माणसं भरपूर, त्यामुळे तुमचे पणजोबा तिथेच असण्याची शक्यता मोठी. पण मार्सेय फ्रान्समध्ये. तिथून रोमला जाऊन बोट सुटायच्या आत परत येणं अवघडच. लॉइड त्रिएस्तिनो ही इटालियन कंपनी मुंबईहून थेट इटलीच्या बंदरांना जायची. डिसेंबर १९३१मध्ये रोमहून परतताना गांधीजी ब्रिंदिसीला ‘पिल्स्ना’ बोटीवर चढले, ती याच कंपनीची. (जाता जाता: त्या वेळी गांधीजींनी सिस्टीन चॅपेल पाहिलं, पण याच अकराव्या पायस यांनी त्यांना भेट दिली नाही. तुमच्या पणजोबांना भेट मिळाली असेल तर त्या बाबतीत त्यांनी बाजी मारली.) नेपल्सला लागलेल्या बोटीवरचा माणूस मात्र आगगाडीने काही तासांत रोमला पोचतो. तेव्हा ‘गोऱ्यांची बोट’ म्हणजे नक्की कुणाची, हे आजीला किंवा आजीच्या भावंडांना विचारा. बोटीचं नाव कळलं तर निम्मं काम झालं.

आणखी एक गोष्ट तपासून बघण्यासारखी आहे. १९२५च्या ज्युबिलीसाठी बाहेरगावच्या यात्रेकरूने चार मोठ्या बसिलिकांना दहा दिवस रोज भेट द्यायची होती: सेंट पीटर, कोटाबाहेरचं सेंट पॉल, लॅटरन आणि सेंट मेरी मेजर. रोमच्या रहिवाशांना वीस दिवस. कामावर असलेल्या बटलरला सलग दहा दिवस कोण सोडणार? कारण असेल तर पापनिवेदन ऐकणारे फादर या अटी शिथिल करू शकत, हे खरं. तरी माझा अंदाज असा, की खलाशी ज्युबिलीला रोममध्ये असला तर बहुधा एखाद-दुसऱ्या दिवसाच्या सुट्टीत दार ओलांडून, मिस्सा ऐकून, पदक घेऊन परतला असेल. ज्युबिलीची पूर्ण अट त्याने पुढच्या वर्षी मुंबईत किंवा गावच्या इगर्जीत (चर्चमध्ये) पुरी केली असेल. घरच्या आठवणीत हे दोन्ही प्रसंग एक होऊन जातात. त्यात खोटं कुणीच बोलत नाही.

‘पोपना भेटले’ या वाक्यालाही असंच नीट खोदून विचारा. कुठे भेटले? रोमचा ताबा इटलीच्या राज्याने १८७०मध्ये घेतला, तेव्हापासून पोप निषेध म्हणून व्हॅटिकनच्या बाहेर पडत नव्हते. १९२५मध्येही तीच स्थिती होती. यात्रेकरूंच्या तुकड्या आत बोलावल्या जायच्या, पोप रांगेतून फिरायचे, लोक गुडघे टेकून अंगठीचं चुंबन घ्यायचे. ११ फेब्रुवारी १९२९ला मुसोलिनीच्या सरकारशी लॅटरन करार झाला, आणि त्या वर्षीच्या २५ जुलैला पोप पवित्र साक्रामेंत घेऊन मिरवणुकीने पहिल्यांदा सेंट पीटरच्या चौकात आले. त्यामुळे घरची गोष्ट ‘दालनात रांगेत उभे होते, अंगठीला ओठ लावले’ अशी असेल तर १९२५ चालेल. ‘चौकातून पोप जाताना पाहिले’ अशी असेल तर तो प्रसंग १९२९नंतरचा. मग पदक एका वेळचं आणि भेट १९३३-३४ची, असंही निघू शकतं. बटलर वर्षानुवर्षं त्याच मार्गावर फिरतात, एकदाच गेले असतील असं धरून चालू नका.

आता डबीतली चित्रं. खरं सांगायचं तर मला पदकापेक्षा त्यांच्यात जास्त रस आहे. संतांच्या छापील चित्रांवर बहुधा वर्ष नसतं, पण पदवी असते, आणि पदवी वर्ष सांगते. लिझ्यूची तेरेजा २९ एप्रिल १९२३ला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) ठरली आणि १७ मे १९२५ला, त्या पवित्र वर्षातच, संत. चित्राखाली ‘धन्य’ असेल तर ते या दोन तारखांच्या मधलं. लूर्दची बर्नदेत १४ जून १९२५ला धन्य झाली आणि ८ डिसेंबर १९३३ला, म्हणजे दुसऱ्या पवित्र वर्षात, संत. डॉन बॉस्को १९२९मध्ये धन्य आणि १ एप्रिल १९३४ला, ईस्टरच्या दिवशी, संत. तेरेजा आणि आपले गोंयचो सायब, संत फ्रान्सिस झेवियर, एकाच चित्रात शेजारी शेजारी असतील तर ते जवळपास नक्की डिसेंबर १९२७नंतरचं, कारण तेव्हा दोघांना मिळून मिशनकार्याचे आश्रयदाते ठरवलं गेलं. ख्रिस्तराजाचा सण जाहीर झाला ११ डिसेंबर १९२५ला आणि पहिल्यांदा साजरा झाला ऑक्टोबर १९२६मध्ये. त्या सणाचं चित्र असेल तर तेही त्यानंतरचंच. चित्राच्या मागे छापखान्याचं गाव असतं तेही बघा. मिलानचा किंवा पॅरिसचा छाप म्हणजे माणूस तिथे गेला असं नाही, कारण हा माल मुंबईत सगळीकडे विकायला यायचा. पण मागे पेन्सिलने लिहिलेलं एखादं गाव किंवा तारीख असेल तर ती सोन्यासारखी.

झेवियर यांचा विषय निघालाच आहे तर गोव्याकडची शक्यता बाजूला ठेवू नका. त्यांना संत ठरवलं त्याला तीनशे वर्षं झाली म्हणून डिसेंबर १९२२ ते जानेवारी १९२३ या काळात जुन्या गोव्यात त्यांच्या शवाचं दर्शन ठेवलं होतं. पुढचं दर्शन ३ डिसेंबर १९३१पासून. मुंबईच्या कुडांतून माणसं सुट्ट्या काढून या दर्शनांना गावी जायची. ‘पणजोबा मोठ्या यात्रेला गेले होते’ या आठवणीतली यात्रा हीसुद्धा असू शकते.

आता कागद. इथे एक गुंता आहे आणि तो समजून घेतला नाही तर माणूस चुकीच्या दारावर महिनोन्‌महिने उभा राहतो. १९२५मध्ये रोमला येणारे युरोपातले यात्रेकरू देशवार यायचे. आयर्लंडचे आपल्या बिशपांबरोबर, पोलंडचे आपल्या, प्रत्येकाचा झेंडा, प्रत्येकाचं भजन. महायुद्धानंतर नवे देश तयार झाले होते आणि रोमच्या चौकटीत राष्ट्र म्हणून दिसणं ही त्यांची गरज होती. पुढेही ते चालू राहिलं. १९३२मध्ये डब्लिनला आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस, म्हणजे जगभरच्या कॅथलिकांचं मोठं संमेलन, झाली. निमित्त होतं संत पॅट्रिकच्या आगमनाला पंधराशे वर्षं झाल्याचं, पण जेमतेम दहा वर्षांच्या आयरिश राज्याने त्यात जगाला आपला चेहरा दाखवला. १९३८मध्ये बुडापेस्टला तीच काँग्रेस राजा संत स्टीफनच्या नवशेव्या पुण्यतिथीच्या वर्षात भरली. स्टीफनचा जपून ठेवलेला उजवा हात खास सजवलेल्या आगगाडीतून देशभर फिरवला. हिटलरने जर्मनांना यायला बंदी केली. आणि काँग्रेस चालू असतानाच, २९ मे १९३८ला, हंगेरीत ज्यूंवर निर्बंध घालणारा पहिला कायदा जारी झाला. राष्ट्र आणि चर्च एकाच मांडवात बसले, की मांडवात आणखी काय काय शिरतं, हे त्या एका आठवड्यात दिसतं.

तुमचे पणजोबा मात्र यांतल्या कुठल्याच झेंड्याखाली बसत नव्हते. ते पोर्तुगालचे प्रजाजन, नोकरी ब्रिटिश किंवा इटालियन बोटीवर, राहणं ब्रिटिश मुंबईत. आणि मुंबईत तेव्हा कॅथलिकांवर दोन सत्ता होत्या. एक पाद्रोआदोची, म्हणजे पोर्तुगालच्या जुन्या आश्रयहक्काखालची, जिचे बिशप दमणचे. दुसरी रोमच्या धर्मप्रसार बघणाऱ्या प्रोपागांडा खात्याच्या थेट अखत्यारीतली, जेसुइट संघाच्या फादरांच्या हातातली मुंबईची आर्चडायोसिस (आर्चबिशपच्या कारभाराचा प्रदेश). एकाच शहरात काही चर्चेस यांची, काही त्यांची. दादरच्या ज्या चर्चला लोक आजही पोर्तुगीज चर्च म्हणतात ते पाद्रोआदोकडचं. वसईची चर्चेसही दमणकडेच. पोर्तुगालमध्ये राजा जाऊन प्रजासत्ताक आलं, त्याने १९११मध्ये चर्च आणि राज्य वेगळं केलं, पण पूर्वेकडचा हा हक्क काही सोडवेना. अखेर १५ एप्रिल १९२८च्या कराराने दमणची डायोसिस बंद झाली. तिचा ब्रिटिश हद्दीतला भाग मुंबईला आणि दमण-दीव गोव्याला जोडलं. मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश असं ठरलं. त्याप्रमाणे आधी पोर्तुगीज योआकिम लिमा आले आणि १९३७मध्ये इंग्रज थॉमस रॉबर्ट्स. भारतीय माणूस या यादीत कुठेच नव्हता. हे मला आजही खटकतं, कारण १९२३मध्येच तुतिकोरिनला तिबुर्तियुस रोश हे भारतीय लॅटिन बिशप नेमले गेले होते, आणि १९२६मध्ये याच पोपनी स्थानिक धर्मगुरूंना पुढे आणण्याबद्दल परिपत्रक काढलं होतं.

याचा तुमच्या शोधाशी संबंध असा: १९२६ची ज्युबिली मुंबईत कोणत्या चर्चमध्ये कशी पाळायची, हे पणजोबा कुणाच्या चर्चमध्ये जायचे त्यावर ठरलं असणार. पाद्रोआदोच्या चर्चमध्ये जात असतील तर वह्या बहुधा पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्ये असतील. प्रोपागांडाच्या चर्चमध्ये जात असतील तर लॅटिन-इंग्रजीत. नावंही बदलतात. गावच्या वहीतला कायतान मुंबईत कॅजेटन होतो, जुआंव जॉन होतो. आडनाव जमतंय पण नाव जमत नाही म्हणून पान उलटू नका, वडिलांचं नाव आणि गाव जुळतंय का ते बघा.

शोधायला सुरुवात मी अशी करेन. आधी घरात ‘नली’ शोधा. खलाशाचं नोकरीचं प्रमाणपत्र, ज्यावर प्रत्येक फेरीची बोट आणि तारखा नोंदवलेल्या असायच्या, त्याला जुने खलाशी नली म्हणायचे. ती मिळाली तर १९२५ आणि १९३३-३४च्या नोंदी काढा, बाकी सगळं मागे ठेवलं तरी चालेल. ती नसेल तर कुड. आपल्या गावाचा कूड अजून चालू असेल तर तिथे सभासदांच्या जुन्या वह्या आहेत का विचारा. कुठे जपल्या आहेत, कुठे वाळवीने खाल्ल्या आहेत, हे नशिबावर. ब्रिटिश बोटींच्या खलाशांच्या याद्यांचं एक सुदैव आहे: पाचने संपणाऱ्या वर्षांच्या बहुतेक याद्या लंडनमधल्या ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये ठेवलेल्या आहेत, त्यात १९२५ येतं. भारतात भरती झालेल्यांचे करार वेगळ्या नमुन्यावर असायचे, म्हणून नाव सापडेलच असं वचन मी देणार नाही. बोटीचं नाव माहीत नसताना तिथे जाण्यातही अर्थ नाही.

वर्तमानपत्रं दुसऱ्या टप्प्यावर. मुंबईचं ‘एक्झामिनर’ साप्ताहिक १८५०पासूनचं, गोव्याचं ‘ओ हेराल्दो’ १९००पासूनचं, आणि कराचीत १९१५मध्ये सुरू झालेलं ‘दोर म्हयन्याची रोटी’ हे कोंकणी मासिक. यांत यात्रेला निघालेल्या मोठ्या मंडळींच्या बातम्या सापडू शकतात, पण एखाद्या बटलरचं नाव सापडण्याची आशा कमी ठेवा. १९२६च्या ज्युबिलीची मुंबईतली व्यवस्था मात्र ‘एक्झामिनर’मध्ये शोधण्यासारखी आहे.

पासपोर्टचं लोक हमखास विचारतात. बोटीवरचा माणूस खलाशाच्या कागदांवर फिरायचा, त्यामुळे पासपोर्ट मिळाला नाही म्हणून प्रवास झाला नाही असं ठरत नाही. याउलट, पासपोर्ट सापडला आणि तो पोर्तुगीज असेल, तर ते पैसे भरून प्रवासी म्हणून गेले असण्याची शक्यता विचारात घ्यावी लागेल. मग गोष्ट वेगळीच होईल, कारण तसा यात्रेकरू कुठल्या तरी फादरांच्या तुकडीबरोबर गेला असणार, आणि तुकडीची यादी असते.

आत्ता हातात आहे तेवढ्यावर माझं मत विचाराल तर असं: पणजोबा कधीतरी रोमला पोचले असणं सहज शक्य आहे. पोपच्या समोर इतरांबरोबर रांगेत उभे राहिले असणंही शक्य आहे. एकट्याने बोलणं झालं असेल असं मला वाटत नाही. आणि १९२५चं पदक त्यांनी स्वतः आणलं की १९२६मध्ये मुंबईत त्यांच्या हाती आलं, हे पदकावरून कधीच कळणार नाही. ते कळलं तर नलीवरून किंवा चित्रांच्या मागच्या अक्षरांवरून कळेल.

पदक चिंचेने किंवा राखेने घासू नका, कडेची बारीक अक्षरं आणि टाकसाळीची खूण निघून जाते. मऊ सुती कापडाने धूळ पुसा, तेवढं पुरे. चित्रांच्या दोन्ही बाजूंचे फोटो, पदकाच्या कडेचा जवळून घेतलेला फोटो आणि पणजोबांचं गाव एवढं इथेच टाका. फोटो दिवसाउजेडी घ्या, फ्लॅश नको. त्यातलं जे वाचता येईल ते वाचून देतो.